शेऱ्याचा रकाना

चंदा गेली त्याला चार महिने झाले होते तेव्हा विद्यापीठातून स्वाती मॅडमचा फोन आला.

"भाऊ, घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण बाईंनी देते म्हटलं होतं, म्हणून विचारते."

देते म्हटलं होतं हे खरं. माझ्यासमोरच म्हटलं होतं.

चंदा माझी बायको. नाल्यापलीकडच्या टोल्यात ती एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. आमचं गाव कुरखेड्यापासून बारा किलोमीटर. नाल्याच्या अलीकडे आम्ही धानवाले, पलीकडे गोंडांची वस्ती, तोच टोला. नोकरी लागली तेव्हा तिला गोंडी येत नव्हती. दोन वर्षांत ती तिकडच्या बायांशी भांडायलाही गोंडीत लागली. लेकरांचं वजन करायच्या दिवशी बाया अंगणवाडीत बसत, आणि बसल्या की गाणी म्हणत. चंदा ती लिहून घ्यायची. शब्द गोंडी, अक्षर आपलं.

लिहायला कागद कुठला? अंगणवाडीत एका लेकराला एक तक्ता असायचा. वर लेकराचं नाव, आईचं नाव. खाली चौकटी, त्यात दर महिन्याच्या वजनाचा एक ठिपका. ठिपके जोडले की रेघ वर चालली की खाली ते कळायचं. सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना. पुढे नवे तक्ते आले आणि जुने रद्दीत टाका असं वरून सांगितलं. चंदाने टाकले नाहीत. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूंवर तिने गाणी लिहिली, जमेल तिथे ज्या बाईचं गाणं तिच्याच लेकराच्या तक्त्यामागे. असे एकशे साठच्या वर कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत होते.

स्वाती मॅडम दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या होत्या. गडचिरोलीच्या विद्यापीठात अशा जुन्या कागदांसाठी एक खोली केली आहे, तिथलं काम त्या पाहतात. आमच्या ओसरीवर दुपारभर बसून त्यांनी गाणी वाचली. जेवायलाही उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे पेटीत राहिलं तर वाळवी खाईल, आमच्याकडे द्या.

चंदा म्हणाली, "देतो. पण थोडं थांबा. या कागदाची एक बाजू माझी हाय, दुसरी नाई. ते पाहून घेतो अन् मग देतो."

पाहून घ्यायचं राहून गेलं. तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला न्यायचं, आणायचं, यातच वर्ष सरलं. पेटीचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही.

फोन आल्यावर मी पेटी उघडली. मी सातवी शिकलेला आहे. गोंडीचे मला चार शब्द येतात. त्यामुळे मला कळली ती मागची नाही, समोरचीच बाजू. नाव, आईचं नाव, वजन, श्रेणी. श्रेणी चार म्हणजे लेकरू पार वाळलेलं. या श्रेणीवरून बायांना कसं बोलत ते मला माहीत होतं. बाहेरून तपासणीला कोणी आलं की आईलाच विचारायचे, तू खाऊ घालत नाहीस का. अशा दिवशी चंदा घरी येऊन जेवायची नाही. मी म्हणायचो, तुला थोडंच बोलले. ती म्हणायची, मग कोनाले बोलले.

मला वाटलं, एक बाजू माझी नाही म्हणजे हेच. नागपूर-पुण्याची माणसं हे कागद पाहतील, अमक्या बाईचं लेकरू श्रेणी चार म्हणून वाचतील. ही नावं झाकली पाहिजेत.

मग मी ते काम धरलं. शिळ्या भाताची खळ केली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या कापल्या. धान विकून झालं होतं, हाताला काम नव्हतं. सकाळी ओसरीवर बसायचं आणि एकेका नावावर पट्टी चिकटवायची. दिवसाला दोनच कागद व्हायचे. लवकर उरकलं असतं, पण मी उरकू दिलं नाही. तिचं अक्षर समोर असलं की घरात कोणी आहे असं वाटायचं. एका गाण्याखाली तिने लिहिलं होतं, "घरी ताप. लवकर निघाले." खाली तारीख होती. ताप मला आला असणार. मला आठवत नाही. त्या ओळीवर पट्टी लावावी की नाही याचा मी एक सकाळ विचार केला आणि लावली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी घेऊन येतो असं मी मॅडमला कळवलं.

त्याच आठवड्यात बुधरीबाई आली.

बुधरीबाई टोल्यातली. साठीच्या पुढची. मॅडमला आवडलेली अर्धी गाणी तिचीच. मोह पडायला लागला की वर्षातून एकदा ती टोपलीभर मोहफुलं घेऊन आमच्याकडे यायची आणि चंदाजवळ आत बसायची. पंचवीस वर्षं मी हे पाहत होतो. गाण्याचं काही असेल म्हणून मी कधी आत गेलो नाही.

टोपली ओसरीवर ठेवून ती खाली बसली. घरात इकडेतिकडे पाहिलं.

"काऊन मुखरूभाऊ," ती म्हणाली, "चंदाबाई गेली तं या घरातून चहाबी गेला का?"

मी चहा केला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हे काय होय?"

"चहा."

"तू म्हनते तं असन." मग म्हणाली, "पेटी काढ. माह्या पोराचा कागद दाखव."

मला काही कळलं नाही. तिची दोन्ही पोरं मोठी, लग्न झालेली.

"त्याहिच्या आंधीचा. फागू," ती म्हणाली. "आठ महिन्याचा होऊन गेला. तुले नाई सांगतलं कधी चंदाबाईनं?"

नव्हतं सांगितलं. चंदा टोल्यातल्या गोष्टी नाल्याअलीकडे आणत नसे.

टोल्यात अंगावर पिणारं लेकरू गेलं की त्याला मोहाच्या झाडाखाली ठेवतात. ते झाड त्याला दूध पाजतं असं मानतात. मोठं माणूस गेलं तर त्याच्या नावाने दगड उभा करतात. लेकराचा करत नाहीत. तेव्हा तिकडे फोटो कुणाकडे नव्हते. घरातल्या बाळंतपणाचा दाखलाही कुणी काढत नसे. फागू होता हे सांगणारा एकच कागद होता, आणि तो आमच्या पेटीत होता. मोह फुलला की बुधरीबाई तो पाहायला यायची. चंदा नावावर बोट ठेवून तिला वाचून दाखवायची.

मी पेटी ओढून आणली. तिला वाचता येत नाही, पण तिनेच एकेक कागद उलटत शोधला. एका कागदावर थांबली. त्यावर तीनच ठिपके होते, रेघ खाली चाललेली.

"हा," ती म्हणाली. मग वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथी होतं नाव. हे काय लावलं?"

मी सांगितलं. कागद गडचिरोलीला चालले आहेत, तिथे बाहेरची माणसं वाचतील, बायांना लाज नको, म्हणून सगळ्यांची नावं झाकली.

"कोनाची लाज?"

"तुमची. आयांची."

तिने बोट पट्टीवरून काढलं नाही. मग म्हणाली, "माहं पोरगं दुबळं होतं भाऊ, चोर नव्हतं."

मी आत गेलो, फडकं ओलं केलं. आधी तिच्या कागदाला हात लावायची छाती झाली नाही. दुसराच एक घेतला आणि पट्टी भिजवून ओढली. पट्टी निघाली, पण खालची शाई पसरली. नावाच्या जागी निळा डाग उरला.

बुधरीबाई पाहत होती. तिने आपला कागद उचलून मांडीवर घेतला.

"ठेव ते फडकं," ती म्हणाली. "भाताचीच खळ होय ना? मग वाफ दे. भांडं चढव."

चुलीवर पाणी ठेवलं. उकळी आल्यावर तिने कागद दोन्ही हातांनी वाफेवर धरला, लांब, पापड शेकतात तसा हलवत. मी पट्टीचं टोक नखाने धरून बसलो. माझी बोटं पोळत होती, तिचीही पोळत असतील. खळ सुटायला लागली. मी बोटभर ओढलं, थांबलो, पुन्हा बोटभर ओढलं. फागूचं नाव बॉलपेनने लिहिलेलं होतं. ते पसरलं नाही. थोडं फिकं झालं, पण सगळं निघालं.

"वाच," ती म्हणाली.

मी बोट ठेवून वाचलं. "बालकाचे नाव, फागू. आईचे नाव, बुधरी."

"पुढं."

"वजन चार किलो तीनशे. श्रेणी..."

"ते नाई. चंदाबाई वजन नाई वाचे. खालचं वाच."

खाली शेऱ्याचा रकाना होता. तो कोरा होता. साधी आडवी रेघही नव्हती. मी कागद मागे-पुढे केला.

"खालचं काय वाचायची ती?" मी विचारलं.

"वाचता तुले येते का मले? 'हासरा हाय. बोट धरलं तं सोडत नाई.' असं काई हाय तिथी."

चंदाने हे कधी लिहिलंच नव्हतं. पंचवीस वर्षं ती त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून वाचत आली होती. माझ्याशी ती भाजीच्या मिठाबद्दलही खोटं बोलत नसे.

मी कागद डोळ्यांजवळ नेला. "हो, आहे," मी म्हणालो. "बारीक अक्षरात आहे. हसरा आहे. बोट धरलं तर सोडत नाही."

"हां," बुधरीबाई म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

जाताना ती उंबऱ्यात थांबली. "बाकीच्या बायाहिले विचारलं का?"

"काय?"

"नाव झाकाचं का नाई ते. आमी का दूर राहतो? नाला तं हाय मधी."

चंदाचं बोलणं मला तेव्हा समजलं. दुसरी बाजू पाहून घेते म्हणजे ज्यांची आहे त्यांना विचारून घेते. तीन महिने मी खळ लावत बसलो होतो आणि एकदा नाला ओलांडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटी सायकलला बांधून टोल्यात जायला लागलो. ज्या आया राहिल्या नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारलं. सुकरीबाईला तिच्या सुनिलचा तक्ता दाखवला, श्रेणी तीन. सुनिल चंद्रपूरला वीज केंद्रात कामाला आहे आणि सण होता म्हणून घरी आलेला होता. ती त्याच्यासमोर कागद नाचवत म्हणाली, "पाह्य रे, असा होता तू. आता मोटारसायकल तुले पाहून रडते." सुनिलने कागदाचा फोटो काढून घेतला. चौघींनी सांगितलं, पट्टी राहू द्या. एकीने आपला कागद मागून घेतला, घडी केला आणि पदराला बांधला. कशाला ते मी विचारलं नाही. बाकीच्या म्हणाल्या, काढा. मग टोल्यातल्याच चुलींवर भांडी चढली. बाया वाफेवर कागद धरून बसल्या आणि मागच्या बाजूचं गाणं कुणाला आठवलं की म्हणायला लागल्या. मी फडक्याने पुसलेलं नावही तिथेच कळलं. ठिपक्यांवरून नाही, मागच्या गाण्यावरून. त्या दिवशी ते गाणं कोणी म्हटलं होतं आणि तिच्या मांडीवर कोण होतं, हे तिघींना आठवत होतं. मी डागाखाली नाव लिहिलं नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडलं.

बुधरीबाईने तिचा कागद द्यायचा की नाही हे सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मी येतो तुह्यासंगं. मॅडम कशी वाचते ते पाहतो. मग सांगतो."

मी म्हणालो, बस आरमोरीला बदलावी लागते, ऊन फार आहे, कशाला त्रास.

"तेंदूपत्ता तोडाच्या टायमाले मी दिवसभर जंगलात चालतो," ती म्हणाली. "अन् हा मले बसचं सांगून राह्यला."

आता माझी पंचाईत झाली. मॅडम शिकलेल्या. त्या लिहिलं आहे तेवढंच वाचणार. खाली काही नाही हे बुधरीबाईला कळणार, आणि चंदाने इतकी वर्षं तिला फसवलं असं होणार. गेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. रविवारी दुपारी मी पेन घेऊन बसलो. कॅलेंडरच्या मागे चंदाचं अक्षर गिरवून पाहिलं. तिचा "ह" मला जमला, "स" जमला नाही. पण जमला असता तरी मी लिहिलं नसतं. त्या कागदाची एक बाजू चंदाची, दुसरी बुधरीबाईची. माझी कोणतीच नव्हती.

सोमवारी आम्ही निघालो. पेटी माझ्या मांडीवर, फागूचा कागद तिच्या पिशवीत. गडचिरोली येईपर्यंत मॅडमला एकटं गाठून सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण मॅडम फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी बुधरीबाईच्या पाया पडून तिचा हात धरला आणि तो खोलीत नेऊन बसवेपर्यंत सोडला नाही. मला बोलायला जागा मिळाली नाही.

खोली साधी होती. लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, एक कॉम्प्युटर. मॅडमने कागद एकेक करून पाहिले. चिठ्ठी पाहिली, पट्टीचे चार वेगळे काढले. त्यांना हात लावणार नाही म्हणाल्या. मग बुधरीबाईने पिशवीतून आपला कागद काढून टेबलावर ठेवला, गाण्याची बाजू खाली करून.

"हा वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मॅडमने वाचलं. नाव, आईचं नाव, जन्म, वजनं तिन्ही, श्रेणी. मग थांबल्या.

"खालचं," बुधरीबाई म्हणाली.

मॅडमने रकाना पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पंखा फिरत होता.

"खाली..." मॅडम म्हणाल्या, "आजी, खाली काही लिहिलेलं नाही."

"नाईच हाय," बुधरीबाई म्हणाली.

मी वर पाहिलं.

"मले मालूम हाय. एका साली माह्या भाचीले, करिश्माले, घेऊन गेली होती. पोरगी शाळेत होती. चंदाबाई चहा कराले उठली तं तिनं वाचलं. म्हने मावशी, इथी तं काईच नाई." ती माझ्याकडे वळली. "अन् या भाऊनं तं चष्मा न लावता बारीक अक्षर वाचलं."

चष्मा त्या दिवशी माझ्या खिशातच होता.

"मग तिला कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलाचं? खोटं थोडंच होतं ते. हासे तो. वजन करतानी चंदाबाईचं बोट धरे अन् सोडतच नसे. तिनं पाह्यलं होतं, मी पाह्यलं होतं. लिहाचं राहून गेलं, तं वाचून घेत होतो आमी." ती मॅडमला म्हणाली, "आता ती नाई. मी गेल्यावर कोनी हा कागद पाहीन तं काय पाहीन? तीन ठिपके. म्हनून मी आली. लिहून घे."

मॅडम म्हणाल्या, जुन्या कागदावर आम्ही लिहीत नाही, तसा नियम आहे. बुधरीबाईने लगेच कागदावर हात ठेवला आणि तो आपल्याकडे ओढला. मला वाटलं आता ती उठते.

"थांबा आजी," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक कागदाची यादीत नोंद होते. कागद कोणी मागितला तर आधी ती नोंद वाचतात, मग कागद हातात देतात. तिथे लिहू. कोणी सांगितलं तेही लिहू."

"कागदाच्या आंधी वाचतीन?"

"आधी."

बुधरीबाईने विचार केला. हात कागदावरच होता. "लिही," ती म्हणाली.

मॅडमने कॉम्प्युटरवर लिहिलं. बोटं थांबली की बुधरीबाई माझ्याकडे पाहायची आणि मी पडद्यावर पाहून मान हलवायचो. चष्मा लावून. झाल्यावर मॅडमने वाचून दाखवलं.

"फागू, आईचे नाव बुधरी. वय आठ महिने. हसरा होता. बोट धरलं तर सोडत नसे. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. तो सेविका चंदाबाई तोंडी वाचून दाखवत. माहिती देणार, बुधरीबाई. मागील बाजूस त्यांचेच गाणे."

"पुन्हा."

मॅडमने पुन्हा वाचलं. या वेळी बुधरीबाईचे ओठ हलत होते. मग तिने कागदावरचा हात काढला, कागद दोन्ही हातांनी सरळ केला आणि टेबलावरून मॅडमकडे सरकवला.

देणगीच्या कागदावर मी चंदाचं नाव लिहिलं आणि खाली माझी सही केली. या एका कागदासाठी मॅडमने वेगळा फॉर्म काढला. त्यावर बुधरीबाईने अंगठा दिला. अंगठ्याची शाई तिने पदराला पुसली नाही, बोटं तशीच वर धरून बसली.

परतीच्या बसमध्ये पेटी रिकामी होती, तरी मी ती मांडीवरच धरली. आरमोरी गेल्यावर बुधरीबाई म्हणाली, "पुढच्या साली मोह घेऊन येतो. मॅडमले फोन लावून देजो, वाचून दाखवन."

"लावून देतो."

"अन् चहा शिकून ठेव," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.